दूरचा पंतोजी

इंग्रजी शिकविण्यासाठी आता वर्गात माणूस असण्याची गरज उरलेली नाही, असे मत आपल्याकडील शहाण्यासुरत्या लोकांच्या तोंडून अलीकडे वारंवार ऐकू येते. जिल्हा परिषदेच्या शाळेला एक मोठा टीव्ही द्यावा, मुलांच्या हाती एकेक टॅबलेट द्यावा, इंटरनेटची सोय करावी आणि लंडनचा म्हणा, मनिल्याचा म्हणा, किंवा नुसता यंत्रातला म्हणा, एखादा उत्तम उच्चारांचा शिक्षक त्या पडद्यावर आणून उभा करावा. म्हणजे गावच्या गुरुजींचे मोडकेतोडके इंग्रजी मुलांच्या कानी पडण्याचे संकट कायमचे टळेल, असा ह्या मताचा मथितार्थ आहे. हे मत मांडणारी माणसे दुष्ट नाहीत. त्यांपैकी कित्येक आमच्या स्नेहातली आहेत, आणि खेड्यातल्या मुलास चांगले इंग्रजी यावे ही त्यांची तळमळ खरी आहे. परंतु म्हणूनच त्यांच्या मताचा समाचार घेणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. वाईट हेतूने मांडलेले मत लोक निदान संशयाने ऐकतात. चांगल्या हेतूने मांडलेले मत तसेच्या तसे मंजूर होऊन त्याचा सरकारी ठराव बनतो.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. आमच्या व्यवसायबंधूंपैकी काहींना यंत्राचे नाव काढताच शिसारी येते, आणि भाषा ही गुरुमुखातूनच घ्यावी लागते, बाकी सर्व थोतांड, असे ते मोठ्या आवेशाने सांगतात. त्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. ज्या महाराष्ट्रात तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला कंदिलाच्या उजेडात घोकून पिढ्यानुपिढ्या लोक इंग्रजी लिहावयास शिकले, त्या महाराष्ट्रात तरी हे विधान कोणी करू नये. छापील पुस्तक हेही एके काळचे नवे यंत्रच. आणि गुरू एका गावी, शिष्य दुसऱ्या गावी, हा प्रकारही आजचा नव्हे. आयझॅक पिटमन ह्यांनी १८४० साली इंग्लंडात पेनी पोस्ट सुरू होताच टपालाने लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला होता. लिंग्वाफोन कंपनी १९०१ साली निघाली आणि तिच्या तबकड्या जगभर वाजल्या. बीबीसीने १९४३ साली रेडिओवरून इंग्रजीचे पाठ सुरू केले. ह्या सर्वांचा उपयोग झाला, पुष्कळ झाला, आणि ज्यांना झाला त्यांनी त्यांचे उपकार मानले.

परंतु उपयोग कोणाला झाला? तबकडी विकत घेणारा, टपालाने धडे मागविणारा, पाठमालेतली वाक्ये रात्री जागून उलटसुलट करणारा मनुष्य हा बहुधा वयाने वाढलेला, नोकरीच्या किंवा ज्ञानाच्या ओढीने आपण होऊन त्या वाटेस लागलेला असे. त्याच्या मागे छडी नव्हती, पण पोटाची किंवा मनाची भूक होती. आणि असे असूनही ह्या वाटेवर अर्ध्यावर बसणारेच फार. आज मोठमोठी विद्यापीठे इंटरनेटवरून जे फुकट अभ्यासक्रम चालवितात, त्यांत नाव घालणाऱ्या शंभरांपैकी दहापंधरांहून अधिक जण सहसा शेवटपर्यंत पोचत नाहीत. हे सगळे प्रौढ, लिहितेवाचते, स्वतः होऊन आलेले लोक. आता ह्यांच्या जागी मराठी तिसरीतला आठ वर्षांचा पोर ठेवून पहा. त्याला इंग्रजीची भूक कोठून असणार? ती त्याला लावावी लागते. आणि ती लावणारा कोण, ह्या एका प्रश्नावर आमचा व यंत्राच्या कैवाऱ्यांचा सारा वाद आहे. ते दूरदूरच्या देशांतील यशाचे दाखले देतात. ते दाखले आम्हांस मान्य आहेत. मात्र ते देताना प्रत्येक दाखल्यातून एक माणूस गुपचूप वगळण्याची जी रीत पडली आहे, तिला आमची हरकत आहे. तो माणूस कोण, हे त्यांच्याच दाखल्यांवरून पाहू.

दाखल्यांत मुकुटमणी उरुग्वे देशाचा. दक्षिण अमेरिकेतला हा पस्तीस लाखांच्या आतबाहेर वस्तीचा लहानसा देश, भाषा स्पॅनिश. २००७ साली तेथील सरकारने कार्दाल नावाच्या एका गावापासून आरंभ करून सरकारी प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलास एकेक लहान संगणक देण्याचे काम हाती घेतले आणि २००९ पर्यंत ते देशभर पुरे केले. योजनेचे नाव सेइबाल. सेइबो हे आपल्या पांगाऱ्याच्याच गोतातले झाड. त्याचे तांबडे फूल हे त्या देशाचे राष्ट्रपुष्प, आणि त्या झाडांच्या राईला सेइबाल म्हणतात. नावातही माणसांनी रसिकता दाखविली आहे. आपल्याकडील योजनांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून केलेली बेडौल नावे आठवली म्हणजे त्यांचा हेवा वाटतो. असो. संगणक आले, पुढे शाळाशाळांत वेगवान तारा आल्या. परंतु इंग्रजी शिकविणारी माणसे काही आली नाहीत. प्राथमिक शाळांना पुरतील इतके इंग्रजीचे शिक्षक साऱ्या देशात नव्हते, आणि ते तयार होईपर्यंत मुलांच्या दोनतीन पिढ्या शाळेतून बाहेर पडल्या असत्या. तेव्हा २०१२ साली ब्रिटिश कौन्सिलच्या साह्याने त्यांनी दूरस्थ शिक्षकाचा प्रयोग मांडला. वर्गात भिंतीवर मोठा पडदा. त्यावर माँटेव्हिडिओहून, ब्वेनोस आयरेसहून, किंवा थेट फिलिपाईन्समधील मनिल्याहून शिक्षक दिसे. मनिला व उरुग्वे ह्यांच्या घड्याळांत अकरा तासांचे अंतर; म्हणजे उरुग्वेतील मुले सकाळी दहाला 'गुड मॉर्निंग' म्हणत तेव्हा मनिल्याच्या बाई रात्री नऊचा दिवा लावून बसलेल्या असत. चौथी ते सहावीच्या वर्गांत ही पद्धत देशभर पसरली, आणि तिच्याकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले.

येथपर्यंतची गोष्ट आपल्याकडील प्रत्येक व्याख्यानात सांगितली जाते. पुढची सांगितली जात नाही. ती अशी की, आठवड्याला इंग्रजीच्या पंचेचाळीस मिनिटांच्या तीन तासिका ठरविलेल्या होत्या, आणि त्यांपैकी पडद्यावरच्या शिक्षकाकडे एकच होती. उरलेल्या दोन वर्गाच्या नेहमीच्या बाईंनी घ्यावयाच्या. त्यांना तिकडे 'माएस्त्रा' म्हणतात. ह्या माएस्त्रांपैकी बहुतेकींना इंग्रजी येत नव्हते, किंवा आपल्या गुरुजींना येते तितकेही येत नव्हते. मग त्या काय करीत? पडद्यावरचा पाठ चालू असता त्या वर्गात हजर असत. कोणाला कळले नाही ते त्यांना तोंडावरून कळे. पोरांना गप्प करणे, बुजरीला पुढे काढणे, जोड्या लावणे, पडद्यावरून आलेली सूचना हावभावांनी मुलांच्या गळी उतरविणे, ही सर्व कामे त्यांची. पुढच्या दोन तासिकांचे टाचण त्यांना लिहून मिळे. त्याप्रमाणे त्या मुलांकडून खेळ, गाणी, उजळणी करून घेत, आणि त्यांच्याबरोबर स्वतःही शिकत. त्यांच्याकरिता वेगळा इंग्रजीचा अभ्यासक्रम होता. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, दर आठवड्याला दूरचा शिक्षक आणि जवळची माएस्त्रा ह्या दोघांनी आपसांत बोलून पुढच्या आठवड्याची आखणी करावी, असा दंडक होता, आणि तो वेळ कामाचा वेळ म्हणून धरला होता. म्हणजे ज्याला आपण यंत्राने शिकविलेले इंग्रजी म्हणून नावाजतो, त्याचा दोन-तृतीयांश भाग इंग्रजी न येणाऱ्या, स्पॅनिश बोलणाऱ्या, गावातल्या शाळेत राहून मुलांना नावानिशी ओळखणाऱ्या बाईंच्या हातून पार पडत होता. ह्या प्रयोगाचे तात्पर्य 'शिक्षक नको' असे काढणे म्हणजे पालखी चांगली चालली म्हणून भोयांना रजा देण्यासारखे आहे.

दुसरा दाखला दक्षिण कोरियातला, आणि तो आमच्या मते फार बोलका आहे. २०१० च्या डिसेंबरात तेथील देगू शहरातल्या २१ प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकविण्यासाठी २९ यंत्रमानव नेमण्यात आले. 'एंगकी' हे त्यांचे नाव. मीटरभर उंचीचे, अंड्याच्या घाटाचे, चाकांवर फिरणारे, आणि तोंडाच्या जागी एक पडदा. यंत्र स्वतः काही बोलत नव्हते; बोलत होत्या त्या फिलिपाईन्समध्ये बसलेल्या शिक्षिका. परंतु त्यांचा चेहरा मुलांना दिसत नसे. पडद्यावर दिसे तो एका गोऱ्या मडमेचा चितारलेला चेहरा. मनिल्याकडची बाई हसली की तिचे हसणे टिपून यंत्र त्या गोऱ्या मुखवट्याला हसवी. वाचकांनी ह्या व्यवस्थेचा क्षणभर विचार करावा. शिकविणारी आशियातली, शिकणारा आशियातला, आणि दोघांच्या मधे लाखो रुपये खर्चून गोरे कातडे ताणलेले! जिचे ज्ञान घेतले तिचा चेहरा घेण्याची लाज वाटली. यंत्राने अंतर कमी होते असे म्हणतात. येथे ते यंत्राने मुद्दाम निर्माण केले.

आम्ही हसलो, पण फार वेळ हसता आले नाही. कारण आपल्याकडे 'अस्सल उच्चार' ह्या शब्दाचे जे स्तोम माजले आहे, ते ह्याहून वेगळे काय आहे? गावच्या गुरुजींनी 'व्हेरी' आणि 'वेरी' एकच केले तर ते आपल्याला सहन होत नाही. परंतु तेच गुरुजी मुलाला परीकथा रंगवून सांगू शकतात, त्याच्या आजीचे आजारपण जाणतात, त्याची वही आठवड्याला तपासतात, हे आपल्या हिशेबी कोठेच लागत नाही. इंग्रजी आज साऱ्या जगात ज्या लोकांकडून बोलले जाते, त्यांतील बहुसंख्यांची ती जन्मभाषा नाही. मुंबईचा वकील, लागोसचा व्यापारी आणि मनिल्याची परिचारिका एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा लंडनचा स्वर कोणाच्याही कामाचा नसतो. स्पष्ट बोलणे आणि नेमके ऐकणे कामाचे असते. उच्चारांसाठी ध्वनिमुद्रण हवे तेवढे ऐकवा. त्याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण ज्याचे उच्चार थोडे मराठी वळणाचे आहेत तो शिकविण्यास नालायक, हा निकष लावावयाचा तर ह्या लेखकासकट आपल्या कॉलेजांतील बहुतेक इंग्रजी विभागांना कुलपे ठोकावी लागतील.

आता त्या मंडळींकडे वळू, ज्यांना कोणताच शिक्षक नको, ना दूरचा ना जवळचा. मूल आपले आपण शिकते, संगणक ठेवून बाजूला व्हा, असा त्यांचा पक्ष आहे, आणि सुगत मित्र ह्यांचे नाव ते आधारास घेतात. दिल्लीच्या कालकाजी भागात १९९९ साली मित्र ह्यांनी झोपडपट्टीच्या बाजूच्या भिंतीत एक संगणक बसविला आणि कोणी न शिकविता मुले तो चालवावयास शिकली, ही गोष्ट जगप्रसिद्ध आहे व खरीही आहे. परंतु मित्र हे संशोधक आहेत, त्यांचे भक्त नाहीत. म्हणून ते तेथे थांबले नाहीत. तमिळनाडूतील काळिकुप्पम ह्या गावी त्यांनी तमिळ बोलणाऱ्या मुलांपुढे जीवशास्त्राचा कठीण विषय इंग्रजीतून ठेवला. मुलांनी आपसांत पुष्कळ उलगडा केला. पण एका मर्यादेशी गाडी अडली. मग त्यांनी गावातल्याच, मुलांच्या ओळखीच्या एका तरुण बाईला त्यांच्यासोबत राहावयास सांगितले. तिला विषयातले काही कळत नव्हते. तिने आजीप्रमाणे मागे उभे राहून 'अगबाई, हे कसं केलंस रे? पुन्हा दाखव बघू' अशा धर्तीचे कौतुक तेवढे करावयाचे होते. तेवढ्याने मुलांचे गुण इतके वाढले की, दिल्लीतील एका खासगी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीला ती आली. २०१० साली त्यांनी स्वतःच हे प्रसिद्ध केले आहे, आणि शिक्षकाशिवाय शिकण्याच्या मर्यादा हाच त्या निबंधाचा विषय आहे. ज्यांचे नाव घेऊन शिक्षकास रजा द्यावयाची, त्यांनीच गावातली बाई परत बोलावून आणली, हे त्यांच्या अनुयायांना कोणी तरी सांगावयास हवे. त्यानंतर ह्याच मार्गाने इंग्लंडातील निवृत्त शिक्षिका व आजीबाई स्काईपवरून आपल्याकडील मुलांशी गप्पा मारू लागल्या; आणि २०१३ साली मित्र ह्यांना मिळालेल्या टेड पारितोषिकातून ज्या थोड्या प्रयोगशाळा निघाल्या त्यांत आपले फलटणही होते. फलटणला ती निघाली कोठे, तर प्रगत शिक्षण संस्थेच्या आश्रयाने. म्हणजे मराठी वाचन-लेखन मुलांना कसे शिकवावे ह्याचा विचार जेथील माणसे वर्षानुवर्षे करीत आली आहेत, अशा जागी. ह्यात आश्चर्य नाही. जेथे माणसे आधीच चांगली असतात तेथे यंत्रही चांगले चालते.

बांगलादेशचे उदाहरण आमच्या वाचकांना कमी परिचयाचे असेल. तेथे ब्रिटिश सरकारच्या पैशाने २००८ साली एक मोठी इंग्रजी शिक्षणाची योजना निघाली. तिची एक शाखा अशी होती की, २००९ च्या नोव्हेंबरापासून कोणीही आपल्या साध्या मोबाईलवरून ३००० हा आकडा फिरवावा आणि तीन मिनिटांचा इंग्रजीचा धडा ऐकावा. ही शाखा गाजली, कारण ती चटकदार होती. परंतु आमच्या मते दुसरी शाखा अधिक शहाणपणाची. तीत मोबाईल मुलांच्या हाती न देता खेड्यातील शिक्षकांच्या हाती दिला. त्याच्या लहानशा कार्डात नमुन्याचे पाठ व ध्वनिफिती भरून दिल्या, सोबत बॅटरीवर चालणारा छोटा ध्वनिवर्धक दिला. इंटरनेटची गरज नाही, विजेची फारशी नाही. शिक्षकाने रात्री घरी पाहावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात करावे. यंत्र शिक्षकाच्या खिशात गेले, त्याच्या खुर्चीवर बसले नाही. त्याआधी १९८० नंतरच्या दशकात केनियातील प्राथमिक शाळांत रेडिओवरून इंग्रजी शिकविले, तेव्हाही रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारून थांबे, मुले एकसुरात उत्तर देत, आणि वर्गातला शिक्षक त्या थांब्याच्या क्षणात कोणी चुकले ते पाही. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस ह्या संस्थेने मराठी शाळांसाठी 'वी लर्न इंग्लिश' ही जी रेडिओमालिका तयार केली, तिचीही घडण ह्याच जातीची आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, पण ते शिकविणारे बहुतेक शिक्षक स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले. अशा वेळी ह्या प्रकारच्या साधनाने शिक्षकाला हात दिला तर ती फार मोठी सेवा होय.

उलट बाजूचे एक उदाहरण चीनचे आहे. ते थोडक्यात सांगतो. बीजिंगच्या व्हीआयपीकिड ह्या कंपनीने २०१३ नंतर अमेरिकेतील व कॅनडातील हजारो शिक्षक चिनी मुलांना इंटरनेटवरून जोडून दिले. पंचवीस मिनिटांची तासिका, एका मुलास एक शिक्षक, आणि फी देण्याची ज्यांची ऐपत त्यांचीच मुले. २०२१ च्या जुलैत सरकारने एक हुकूम काढला, परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना शिकविणे बंद केले, आणि काही महिन्यांत तो सारा व्यवहार गुंडाळला गेला. हुकूम योग्य की अयोग्य हा प्रश्न निराळा. पण ज्या पोराची लाडकी 'टीचर' अचानक पडद्यावरून नाहीशी झाली, त्याच्या गावात तिच्या जागी कोण होते?

गावातला शिक्षक मायाळू असतो एवढाच आमचा मुद्दा आहे, असा कोणी समज करून घेऊ नये, सगळेच नसतात. मुद्दा भाषेच्या शास्त्राचा आहे. मराठी मूल इंग्रजीत जी चूक करते ती बहुधा मराठीतून आलेली असते, आणि ज्याला मराठी येत नाही त्याला ती चूक दिसते, तिचे मूळ दिसत नाही. साधा 'परवा' हा शब्द घ्या. आपण होऊन गेलेल्या दिवसालाही परवा म्हणतो व यावयाच्या दिवसालाही परवाच म्हणतो. मागचा की पुढचा हे क्रियापद सांगते. इंग्रजीत ह्या दोहोंना दोन निराळे शब्दसमूह. मुलाने त्यांची अदलाबदल केली की मनिल्याच्या बाई समजतात, पोर गोंधळले आहे. आपल्या गुरुजींना कळते की पोर मुळीच गोंधळलेले नाही, ते अस्सल मराठीत विचार करीत आहे. खुर्चीला 'शी' म्हणणारे मूल मूर्ख नव्हे; ती त्याच्या भाषेत स्त्रीलिंगीच आहे. 'माय हेड इज पेनिंग' ह्या वाक्यामागे 'माझे डोके दुखत आहे' हे निर्दोष मराठी वाक्य उभे असते. चुकीच्या मागचे हे वाक्य ज्याला ऐकू येते, तो एका वाक्यात ती चूक दूर करतो: 'अरे, आपण असे म्हणतो, ते तसे म्हणतात.' तर्खडकरांची पाठमाला इतकी टिकली ती ह्याच गुणाने. तिच्यात शिक्षक नव्हता, पण मराठी होते. आज जी ॲपे इंग्रजी शिकवितात त्यांत चित्रे आहेत, घंटा आहेत, बक्षिसे आहेत. मराठी बहुधा नाही, आणि असले तर भाषांतराच्या यंत्रातून काढलेले, ऐकवत नाही असे. आमच्या वर्गात अशा ॲपावर सलग तीनशे दिवस हजेरी लावलेला एक विद्यार्थी आहे. योग्य शब्दावर बोट ठेवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. परंतु रजेचा चार ओळींचा अर्ज लिहावयास बसला की त्याचे पेन पहिल्या ओळीतच अडते; कारण रिकाम्या कागदावर निवडण्यासाठी चार पर्याय छापलेले नसतात.

येथे आम्हांस सांगण्यात येते की, हे सारे जुने झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून यंत्र स्वतःच बोलू लागले आहे, चुका सुधारू लागले आहे, मराठीही समजू लागले आहे, आणि ते कधी थकत नाही, रागावत नाही, रजा घेत नाही. हे आम्ही नाकारीत नाही. गडचिरोलीतील एखाद्या बी. ए. च्या मुलीला रात्री अकरा वाजता आपला परिच्छेद तपासून घ्यावयाचा असेल तर हे यंत्र तिला मोठे वरदान आहे. आमच्यासारखा प्राध्यापक त्या वेळी झोपलेला असतो. परंतु ही मुलगी म्हणजे तोच भूक लागलेला मनुष्य, ज्याला तबकडीचाही उपयोग झाला आणि टपालाचाही. आठ वर्षांच्या मुलाचे तसे नाही. ते चांगले दिसावयास धडपडते ते कोणाच्या तरी डोळ्यांत. न थकणाऱ्या, न रागावणाऱ्या यंत्रापुढे चांगले दिसण्याची इच्छा मुलाला किती दिवस राहील? बाईंनी 'छान' म्हटलेले ते घरी जाऊन सांगते. ॲपाने दिलेला तारा घरी सांगितल्याचे आम्ही ऐकलेले नाही. २०२० च्या टाळेबंदीत ह्याची परीक्षा झाली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागली, मोबाईलवर पाठ आले, परिश्रम सर्वांनी केले. पण पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, जेथे मोबाईलला रेंजच नव्हती, तेथे एका संस्थेने ध्वनिवर्धकावरून पाठ ऐकविले, आणि ते घेऊन पाड्यापाड्यांवर जाणारे स्वयंसेवक होते म्हणून मुले गोळा झाली. ध्वनिवर्धक आपण होऊन चालत गेला नाही.

यंत्र एकटे सोडले म्हणजे त्याचे काय होते हे पाहावयास जव्हारला जाण्याचेही कारण नाही. आमच्या माहितीतल्या एका कॉलेजात काही वर्षांपूर्वी मोठा निधी खर्चून 'भाषा-प्रयोगशाळा' उभारली: तीस संगणक, तीस कर्णयंत्रे, वातानुकूलन. शिक्षकाची जागा मात्र मंजूर झाली नाही; सॉफ्टवेअरच शिकविणार होते ना! आज त्या खोलीची किल्ली एका लिपिकाच्या खणात असते, संगणकांवर निळ्या कापडाची झाकणे असतात, आणि तपासणीची समिती यावयाची असली म्हणजे आदल्या दिवशी ती झाकणे धुऊन घालतात. तिकडची कर्णयंत्रे आमच्या वाचकांपैकी कोणाच्याही कर्णयंत्रांहून नवी आहेत, कारण ती वापरलीच गेली नाहीत.

ह्या वादाकडे आम्ही केवळ पांडित्याचा विषय म्हणून पाहिले असते. पण तशी सोय राहिलेली नाही. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचे ठरविले होते. २०२३ साली वीसच्या आतील पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार पुढे आला. त्या निर्णयांची बरीवाईट बाजू येथे तपासण्याचे कारण नाही. परंतु ज्या राज्यात लहान शाळा डोईजड वाटू लागल्या आहेत आणि शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, त्या राज्यात 'इंग्रजीसाठी आता माणूस लागत नाही' हे वाक्य निरुपद्रवी नाही. हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याला असे वाक्य फार आवडते. आज इंग्रजीसाठी लागत नाही. उद्या गणितासाठी लागत नाही. आणि परवा, म्हणजे ह्या वेळी पुढचा परवा, शाळाच कशाला लागते? ज्यांनी हे वाक्य सद्‌हेतूने उच्चारले त्यांची मुले शहरातल्या ज्या शाळांत जातात तेथे टीव्हीही आहे आणि इंग्रजीच्या तीन बाईही आहेत. माणसावाचून शिकण्याचा मान फक्त खेड्यातल्या मुलास देऊ केला जात आहे.

राहता राहिला खर्चाचा मुद्दा, कारण अखेर सर्व व्याख्याने तेथे येऊन थांबतात: दूरचा शिक्षक स्वस्त पडतो. कोणाहून स्वस्त? उरुग्वेतील वर्गात मनिल्याच्या बाईंना पगार होता आणि माएस्त्रालाही पगार होता. पडदा, तारा, टाचणे, दर आठवड्याची दोघांची बैठक आणि माएस्त्राचे स्वतःचे इंग्रजीचे शिक्षण ह्यांचा खर्च त्याशिवाय. म्हणजे एका वर्गाच्या इंग्रजीसाठी त्या लहान देशाने एका माणसाचा नव्हे, दोन माणसांचा खर्च सोसला. आपल्याकडे ज्या योजनेचा कागद शाळा व्यवस्थापन समितीपुढे सहीसाठी येतो, त्यात टीव्हीचे इंच लिहिलेले असतात, वॉरंटीची वर्षे लिहिलेली असतात, आणि बसविण्याची तारीख असते. पाठ चालू असता वर्गात कोण उभे राहणार, त्याला कोणी शिकविले आहे आणि त्याचा पगार कोठून निघणार, ह्या तीन प्रश्नांसाठी त्या कागदावर रकाना नाही. सही करण्यापूर्वी समितीतील पालकांनी तो रकाना हाताने आखून घ्यावा; आणि कंपनीच्या माणसाने 'त्याची गरज नाही' असे म्हटले तर त्यास उरुग्वेच्या त्या आठवड्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या तासिकेविषयी विचारावे.